महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील प्रशिक्षण आणि खेळाडूंची जडणघडण : जॉन मॅक्लेंडन यांच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास बहुधा विजेतेपदांच्या यादीतून सांगितला जातो. या यादीत ज्यांना प्रवेशच नव्हता, त्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील प्रशिक्षकांचे कार्य त्यामुळे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत शोधनिबंधात जॉन मॅक्लेंडन (१९१५-१९९९) यांच्या कार्याच्या आधारे प्रशिक्षण ही मूलतः अध्यापनाची प्रक्रिया कशी आहे, वर्णभेदाच्या व्यवस्थेत तिचा विकास कसा झाला आणि तिची दखल उशिरा का घेतली गेली, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : महाविद्यालयीन बास्केटबॉल, प्रशिक्षण, खेळाडूंची जडणघडण, वर्णभेद, फास्ट ब्रेक.

प्रस्तावना :
जगातील बहुतेक खेळांचा उगम लोकजीवनात झाला. त्यांचा जनक कोण, हे सांगता येत नाही. बास्केटबॉल हा खेळ मात्र याला अपवाद आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तेरा नियमांचा हा खेळ तयार केला. म्हणजेच या खेळाचा जन्म वर्गाची गरज म्हणून, एका शिक्षकाच्या हातून झाला. पुढे शाळा व महाविद्यालये यांच्या आधारानेच तो वाढला. त्यामुळे बास्केटबॉलमधील प्रशिक्षणाचा इतिहास हा एका अर्थाने शिक्षणाचा इतिहास आहे.

परंतु शिक्षणाचे दरवाजे ज्या समाजात सर्वांना सारखे खुले नसतात, त्या समाजात खेळाचे दरवाजेही सारखे खुले नसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कायद्याने, तर इतरत्र रूढीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वेगळे ठेवले जात होते. राष्ट्रीय स्पर्धांतही कृष्णवर्णीय महाविद्यालयांना स्थान नव्हते. अशा परिस्थितीत मॅक्लेंडन यांनी जे संघ घडविले त्यांचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न केवळ क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित राहत नाही. तो इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील प्रशिक्षणाच्या परंपरेचा उगम समजून घेणे.
२. मॅक्लेंडन यांच्या प्रशिक्षणपद्धतीचे व तिच्या सामाजिक पार्श्वभूमीचे विवेचन करणे.
३. खेळाडूंच्या जडणघडणीचे मूल्यमापन करण्याच्या प्रचलित निकषांची चिकित्सा करणे.

कॅन्सस विद्यापीठातील परंपरा :
नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले. ते धर्मशास्त्राचे आणि वैद्यकाचे पदवीधर होते. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक. परंतु सामने जिंकण्याला त्यांनी कधी फारसे महत्त्व दिले नाही. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. पराभवांची संख्या विजयांहून अधिक असलेले कॅन्ससचे ते एकमेव प्रशिक्षक होत. ज्याने खेळ निर्माण केला त्याचीच अशी नोंद असावी, हा योगायोग बोलका आहे. हा खेळ खेळावयाचा असतो, त्याचे प्रशिक्षण देण्याची आवश्यकता नाही, अशी त्यांची धारणा होती. शरीर आणि चारित्र्य यांचे संवर्धन हाच त्यांच्या दृष्टीने खेळाचा हेतू होता.

त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी या धारणेच्या उलट भूमिका घेतली. खेळाचे पृथक्करण करता येते, त्याची कौशल्ये वेगवेगळी शिकविता येतात आणि संघाची रचना विचारपूर्वक करता येते, हे ॲलन यांनी दाखवून दिले. त्यांनी कॅन्ससच्या संघाचे प्रशिक्षकपद प्रथम १९०७ ते १९०९ आणि नंतर १९१९ ते १९५६ या काळात भूषविले. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. प्रशिक्षण हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला तो या पिढीमुळे. ॲलन यांच्या संघातून अडॉल्फ रप आणि पुढे डीन स्मिथ हे खेळाडू बाहेर पडले. रप यांनी केंटकी विद्यापीठात, तर स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आपापली परंपरा निर्माण केली.

क्रीडा-इतिहासात ही वंशावळ अभिमानाने सांगितली जाते. मात्र याच विद्यापीठातून आणखी एक शाखा निघाली होती. ती थेट नेस्मिथ यांच्यापासून निघालेली असूनही तिचा उल्लेख कितीतरी वर्षे होत नव्हता.

विद्यार्थी मॅक्लेंडन आणि गुरू नेस्मिथ :
जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी झाला. १९३३ मध्ये त्यांनी कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण या विषयासाठी प्रवेश घेतला. वडिलांच्या सांगण्यावरून ते थेट नेस्मिथ यांच्याकडे गेले व आपले मार्गदर्शक होण्याची त्यांना विनंती केली. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांनी ती मान्य केली.

विद्यापीठात शिकण्याची परवानगी असली, तरी विद्यापीठाच्या संघात खेळण्याची परवानगी मॅक्लेंडन यांना नव्हती. कॅन्ससच्या मुख्य बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान मिळण्यासाठी १९५० चे दशक उजाडावे लागले. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते. मॅक्लेंडन तलावात उतरल्यानंतर तलावातील पाणी काढून टाकण्यात आले. त्यांनी हा विषय चिकाटीने लावून धरला, नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले आणि अखेरीस तलावावरील ही अघोषित बंदी उठली. १९३६ मध्ये मॅक्लेंडन यांनी पदवी संपादन केली. शारीरिक शिक्षणाची पदवी मिळविणारे ते त्या विद्यापीठातील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. त्यानंतर नेस्मिथ यांच्याच साहाय्याने त्यांनी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

भारतीय वाचकाला येथे एकलव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही घटनांतील भेद महत्त्वाचा आहे. येथे गुरूने शिष्याला नाकारले नाही. नाकारले ते संस्थेने. विद्या मिळाली, पण ती दाखविण्याचे मैदान मिळाले नाही. मॅक्लेंडन यांच्या पुढील आयुष्याची दिशा या एका गोष्टीने ठरविली. स्वतः खेळण्याची वाट बंद झाल्याने त्यांनी इतरांना शिकविण्याची वाट धरली.

डरहम येथील प्रयोग :
१९३७ मध्ये मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहम येथील कृष्णवर्णीयांच्या शासकीय महाविद्यालयात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९४० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. हेच महाविद्यालय आज नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तेथे त्यांनी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही उभा केला. अर्थात ते प्रथम शिक्षक व नंतर प्रशिक्षक होते.

त्यांच्या आगमनाच्या सुमारास खेळाच्या नियमांत एक मूलगामी बदल झाला. तोपर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंमध्ये उंच फेकला जात असे. त्यामुळे खेळ वारंवार थांबत असे. १९३७-३८ च्या हंगामापासून ही पद्धत बंद झाली. बास्केट होताच प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या रेषेमागून चेंडू आत टाकता येऊ लागला. खेळ अखंड झाला. परंतु बहुसंख्य प्रशिक्षक जुन्याच संथ पद्धतीने खेळत राहिले. चेंडू सावकाश पुढे न्यावा, अनेक पासेस द्यावेत, सुरक्षित संधी मिळाली तरच नेम साधावा, असा शिरस्ता होता.

मॅक्लेंडन यांनी या बदलाचा अर्थ वेगळा लावला. चेंडू जेथे असेल तेथूनच आक्रमण सुरू होते आणि खेळ संपूर्ण मैदानावर खेळावयाचा असतो, हे सूत्र त्यांना नेस्मिथ यांच्या सहवासात मिळाले होते. त्यातून त्यांनी 'फास्ट ब्रेक' म्हणजे जलद आक्रमणाची शिस्तबद्ध पद्धत विकसित केली. जलद आक्रमण पूर्वीही होत असे. परंतु ते बहुधा प्रसंगाने घडणारे होते. मॅक्लेंडन यांनी त्याला नियम दिले. चेंडू परतताच तो कोणी घ्यावयाचा, पहिला पास कोणत्या बाजूला द्यावयाचा, मधल्या व कडेच्या मार्गिकांतून कोणी धावावयाचे, मागून येणाऱ्याने कोठे थांबावयाचे, हे सर्व आधीच ठरलेले असे. बाहेरून जो मोकाट वेग दिसे तो प्रत्यक्षात घोटून घेतलेला पाठ होता. याच्या जोडीला संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला रोखून धरणारा दाबाचा बचावही ते शिकवीत.

अशा खेळासाठी दमसास लागतो. म्हणून त्यांचे खेळाडू हंगामापूर्वी तीन मैलांची धाव घेत. पहिल्या सत्रात प्रतिस्पर्धी बरोबरीने धावू शकतो, परंतु अखेरच्या मिनिटांत तयारीतील अंतर उघड होते, हा यामागील विचार होता. उंच खेळाडूंची निवड करून संघ बनविण्यासाठी लागणारा पैसा अशा महाविद्यालयांकडे नव्हता. जो विद्यार्थी उपलब्ध आहे त्यालाच घडविणे भाग होते. साधनांच्या अभावातून ही पद्धत निर्माण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु या अभावामुळे निवडीपेक्षा जडणघडणीला अधिक महत्त्व आले, हे निश्चित.

त्यांनी 'टू इन द कॉर्नर' ही रचनाही वापरात आणली. तीत दोन खेळाडू कोपऱ्यांत उभे करून मैदान मोकळे केले जाते. डरहमच्या शेजारीच असलेल्या चॅपेल हिल येथे डीन स्मिथ यांनी पुढे प्रसिद्धीस आणलेल्या 'फोर कॉर्नर्स' या रचनेचे ते पूर्वरूप मानले जाते. १९६५ मध्ये मॅक्लेंडन यांनी जलद आक्रमणाच्या पद्धतीवर ग्रंथही लिहिला.

बंद दाराआडचा सामना :
ही पद्धत श्वेतवर्णीय संघांसमोर सिद्ध करण्याची संधी कायद्याने नाकारलेली होती. तरीही १२ मार्च १९४४ रोजी डरहममध्ये एक सामना झाला. शहरातील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा संघ त्या वेळी अतिशय बलवान समजला जात होता. महायुद्धामुळे लष्करी शिक्षणासाठी आलेले अनुभवी महाविद्यालयीन खेळाडू त्यात होते. रविवारी सकाळी, शहरातील बहुतेक लोक चर्चमध्ये असताना, हा संघ गुपचूप मॅक्लेंडन यांच्या महाविद्यालयात आला. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. प्रेक्षक नव्हते. कृष्णवर्णीय संघाने हा सामना ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू मिसळून आणखी एक डाव खेळले.

या गुप्ततेमागील भीती किती खरी होती हे समजण्यासाठी एक घटना पुरेशी आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये डरहम येथेच बसमधील जागेच्या वादातून एका कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळ्या घालून ठार केले आणि श्वेतवर्णीय पंचमंडळाने त्या चालकाला निर्दोष सोडले. अशा शहरात केवळ एकत्र खेळणे हेही धाडस होते. सामन्याची वार्ता लागलेल्या स्थानिक कृष्णवर्णीय वृत्तपत्राच्या वार्ताहरानेही मौन पाळले. परिणामी या सामन्याची कोठेही अधिकृत नोंद झाली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये तो प्रथम सविस्तर प्रकाशात आणला. म्हणजे घटना घडल्यानंतर बावन्न वर्षांनी तिला इतिहासात प्रवेश मिळाला. लिखित नोंद नाही म्हणून घटना नाही, असे मानणाऱ्या इतिहासलेखनाला हा सामना एक इशाराच होय.

राष्ट्रीय स्पर्धेचे दार आणि नॅशव्हिलचा संघ :
१९४६ मध्ये मॅक्लेंडन यांनी सहकाऱ्यांसमवेत कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सी.आय.ए.ए. या परिषदेची बास्केटबॉल स्पर्धा सुरू करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. स्वतःची स्पर्धा उभारणे आणि त्याच वेळी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मागणे, असे दुहेरी धोरण त्यांनी स्वीकारले.

कॅन्सस सिटी येथे भरणाऱ्या लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. त्या वर्षी इंडियाना राज्यातील एका शिक्षक-महाविद्यालयाच्या संघाला निमंत्रण आले. परंतु आपल्या क्लॅरन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू दिले जाणार नाही, हे कळताच प्रशिक्षक जॉन वुडन यांनी ते नाकारले. १९४८ मध्ये बंदी उठली आणि वॉकर या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. मात्र संपूर्ण कृष्णवर्णीय महाविद्यालयाला प्रवेश मिळण्यास १९५३ साल उजाडले. तोपर्यंत ही स्पर्धा घेणारी संस्था एन.ए.आय.ए. या नावाने ओळखली जाऊ लागली होती. या प्रवेशासाठी झालेल्या प्रयत्नांत मॅक्लेंडन आघाडीवर होते.

१९५४ मध्ये ते नॅशव्हिल येथील टेनेसी ए. अँड आय. महाविद्यालयात आले. कॅन्सस सिटीतील स्पर्धेला जाताना त्यांचा आग्रह एकच होता. इतर संघांना जशी निवासाची सोय असेल तशीच आपल्या संघाला मिळाली पाहिजे. मैदानावर समान आणि उपाहारगृहात वेगळे, ही तडजोड त्यांना मान्य नव्हती. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने एन.ए.आय.ए.चे विजेतेपद पटकावले. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा सलग तीनदा जिंकणारा पहिला संघ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. याच काळात रप यांच्या केंटकी संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा पहिला खेळाडू १९६९ मध्ये घेण्यात आला. एकाच विद्यापीठाच्या मुशीतून निघालेल्या दोन प्रशिक्षकांच्या वाटा किती भिन्न झाल्या, हे यावरून स्पष्ट होते.

खेळाडूंची जडणघडण : डिक बार्नेट यांचे उदाहरण :
खेळाडू घडला म्हणजे नेमके काय घडले? या प्रश्नाचे उत्तर नॅशव्हिलच्या संघातील डिक बार्नेट यांच्या जीवनात शोधता येते. तीनही विजेतेपदांत त्यांचा वाटा मोठा होता. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये न्यूयॉर्क निक्स या संघाकडून १९७० व १९७३ च्या विजेतेपदांचे ते मानकरी ठरले. परंतु त्यांनी महाविद्यालय सोडले तेव्हा त्यांच्याजवळ पदवी नव्हती. मॅक्लेंडन यांच्यासारख्या शिक्षक-प्रशिक्षकाच्या हाताखालीही असे घडावे, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. खेळ शिक्षणाच्या आवारात वाढला तरी तो शिक्षणाला मागे सारू शकतो, हेच त्यातून सूचित होते.

बार्नेट यांनी मात्र ही उणीव स्वतः भरून काढली. खेळाडू म्हणून कारकीर्द सुरू असतानाच त्यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला, पदवी व पदव्युत्तर पदवी मिळविली आणि १९९१ मध्ये फोर्डहॅम विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर त्यांनी क्रीडाव्यवस्थापनाचे अध्यापन केले. आपल्या महाविद्यालयीन संघाला राष्ट्रीय सन्मान मिळावा यासाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०१९ मध्ये त्या संघाचा बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. २०२४ मध्ये बार्नेट यांनाही तो मान मिळाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. शिष्याने गुरूचे ऋण फेडले ते असे, इतिहासातील रिकामी जागा भरून.

प्रशिक्षण हे अध्यापन : वुडन यांच्याशी तुलना :
१९४७ चे निमंत्रण नाकारणारे वुडन पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि १९६४ ते १९७५ या काळात त्यांच्या संघाने दहा वेळा एन.सी.ए.ए.चे विजेतेपद मिळविले. मूळचे इंग्रजीचे शिक्षक असलेले वुडन स्वतःला शिक्षकच मानीत. प्रत्येक सरावाचा मिनिटागणिक आराखडा ते कार्डांवर लिहून आणीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी मोजे व बूट कसे घालावेत, हेही ते शिकवीत; कारण सुरकुती पडली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाचे निरीक्षण केले. वुडन यांच्या २,३२६ अध्यापनकृतींची त्यांनी नोंद केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृतींमध्ये काय करावे व कसे करावे, याची माहिती होती. स्तुती आणि रागावणे या दोहोंचे प्रमाण अल्प होते.

मॅक्लेंडन यांच्या सरावाचे असे निरीक्षण करण्यास कोणी संशोधक गेला नाही. त्यांच्या पद्धतीची साक्ष त्यांचा ग्रंथ, त्यांचे खेळाडू आणि सामन्यांचे निकाल यांतूनच मिळते. दोघांच्या पद्धतीत कौशल्यांची विभागणी, पुनरावृत्ती, दमसास आणि आचरणाची शिस्त हे घटक समान दिसतात. फरक आहे तो प्रकाशझोताचा. एकाचे सरावही अभ्यासाचा विषय झाले, दुसऱ्याचे सामनेही अज्ञात राहिले.

उत्तरकाल :
१९६६ मध्ये मॅक्लेंडन क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक झाले. प्रामुख्याने श्वेतवर्णीय असलेल्या विद्यापीठात या पदावर नियुक्त होणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. त्याच वर्षी टेक्सास वेस्टर्न संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंसह प्रारंभ करून अंतिम सामन्यात केंटकीला ७२-६५ असे हरविले. यानंतर मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना झपाट्याने सामावून घेतले. प्रशिक्षकांच्या बाबतीत मात्र हा वेग दिसला नाही. एन.सी.ए.ए.च्या सर्वोच्च विभागात पुरुषांचे विजेतेपद मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांना हे यश १९८४ मध्ये मिळाले. हात आणि पाय स्वीकारले गेले, बुद्धी स्वीकारली जाण्यास आणखी वेळ लागला.

'हॉल ऑफ फेम'नेही मॅक्लेंडन यांचा १९७९ मध्ये केलेला समावेश 'योगदानकर्ता' या वर्गात होता. प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड २०१६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी झाली.

आज महाविद्यालयीन बास्केटबॉलचे स्वरूप पालटले आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येतो, विद्यापीठ बदलणेही सुलभ झाले आहे आणि २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट रक्कम देऊ लागली आहेत. खेळाडूंच्या श्रमावर इतरांनी श्रीमंत व्हावे, हा जुना अन्याय यामुळे कमी झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु एका खेळाडूला तीन-चार वर्षे सलग शिकविण्याची संधी प्रशिक्षकाला पूर्वीसारखी उरलेली नाही. तयार खेळाडू आणणे आणि खेळाडू तयार करणे, यांतील जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला आहे.

निष्कर्ष :
१. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील प्रशिक्षणाची परंपरा शिक्षणसंस्थेत जन्मली. नेस्मिथ यांच्यापासून निघालेल्या परंपरेत मॅक्लेंडन यांचे स्थान ॲलन, रप व स्मिथ यांच्या बरोबरीचे आहे.
२. मॅक्लेंडन यांची जलद आक्रमणाची पद्धत ही नियोजनबद्ध अध्यापनाची निष्पत्ती होती. तिच्याकडे केवळ शारीरिक चपळाई म्हणून पाहणे अन्यायाचे ठरते.
३. विजेतेपदांची संख्या हा निकष ज्यांना स्पर्धेत प्रवेश होता त्यांच्यापुरताच लागू पडतो. प्रवेश नाकारलेल्यांचे कार्य मोजण्यासाठी पद्धतीचा प्रभाव आणि शिष्यांचे पुढील जीवन हे निकष विचारात घ्यावे लागतात.
४. बार्नेट यांचे उदाहरण खेळाडूच्या जडणघडणीची मर्यादा आणि शक्यता दोन्ही दाखविते. मैदानावरील कौशल्याला शिक्षणाची जोड मिळाल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

कॅन्ससच्या ज्या संघात मॅक्लेंडन यांना खेळू दिले गेले नाही, त्या संघांच्या नोंदी उपलब्ध आहेत. ज्या सामन्याने त्यांची पद्धत सिद्ध केली, त्याची अधिकृत नोंद मात्र नाही. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच पुढील संशोधनाची दिशा ठरविणे आवश्यक आहे.